हत्यार कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र मी नखाएवढ्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. तिचे नाव मायक्रोकंट्रोलर. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या मागाच्या पेटीत ती असते. रावेर-यावलच्या केळीबागेत वीज आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये ती असते. आपल्या घरच्या धुलाईयंत्रात आणि विजेच्या मीटरमध्येही ती असते. हिशेब करणारा मेंदू, आज्ञा साठविणारी स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याचे पाय, हे सर्व एकाच काळ्या तुकड्यात बसविलेले असते. आपले कारागीर तिला नुसती 'आयसी' म्हणतात आणि ती ज्या पाटीवर बसविलेली असते त्या पाटीला 'कार्ड' म्हणतात.

ही आयसी आता फार स्वस्त झाली आहे. बाजारात तिचे शेकडो प्रकार मिळतात. त्यांतला कोणता घ्यावा आणि त्यात आज्ञा लिहिण्यासाठी कोणती साधने वापरावी, हा प्रश्न इंजिनियरांचा आहे असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. हत्यार कोणाच्या हाती असावे, हाच तो जुना प्रश्न आहे.

प्रथम माझी पात्रता सांगून टाकतो. मी इंजिनियर नाही. नववीत शाळा सुटली आणि धुळ्यात यंत्रमागावर मदतनीस म्हणून लागलो. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर झाले. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते त्या टेबलावरून जसे दिसले तसे सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी चटईच्या एका लहान कारखान्यात मागांची कार्डे बंद पडली. तिथे मजुरी नगावर. माग बंद म्हणजे मजुरी बंद. बायामाणसे रोज फाटकाशी येत आणि परत जात. कार्ड एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने भिंग लावून पाहिले. वीजपुरवठ्याचा भाग ठीक होता, रिले ठीक होते, जळली होती ती फक्त आयसी. तिच्यावरचा क्रमांक कानशीने घासून टाकलेला होता. दुसऱ्या चालू कार्डातील आज्ञा वाचून नव्या आयसीत उतरवाव्या म्हटले, तर तिला आतून कुलूप घातलेले. ज्याने कार्ड बनविले होते त्याने धंदा बंद केला होता आणि मूळ आज्ञा त्याच्याबरोबर गेल्या होत्या. दुरुस्तीवाला मला अहिराणीत म्हणाला, "दादा, मशीन आपलं शे, पन चाबी तेस्नी शे." नवी पेटी येईपर्यंत अकरा दिवस गेले. जळालेल्या आयसीची किंमत चार कप चहाएवढी. बुडाली ती सबंध पाळीची अकरा दिवसांची मजुरी. त्या अकरा दिवसांत मी या विषयाचा विद्यार्थी झालो.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या भागातील हातमागवाल्याचे घर आठवा. माग घरातच, धोटा त्याचा, फणी त्याची, ताणा घालण्याची जागा अंगणात. तो गरीब होता, सावकाराच्या सुतावर विणत होता, म्हणून त्याच्या त्या दिवसांची आरती मी ओवाळणार नाही. परंतु हत्यार बिघडले तर सुताराकडे जाऊन ते नीट करून घेणे त्याच्या हातात होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जळगावला कापडाची गिरणी आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. गिरणीने रोख पगार दिला, कामगाराला एकत्र आणले, त्यातून युनियन जन्मली. पण हत्यार मात्र त्याच्या घरातून कायमचे गेले.

पुढे धुळे-मालेगावकडे यंत्रमाग आले. त्यांतील कितीतरी गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग होते. त्या लोखंडी मागाचा एक गुण आज लक्षात येतो. तो उघडा होता. कोणते चाक कोणत्या दांड्याला ढकलते ते डोळ्यांना दिसत असे. जॉबर दोन महिने शेजारी उभा राहिला की त्याला मागाची सारी चाल समजे. तुटलेला भाग लोहाराकडे नेला की तो तसाच दुसरा घडवून देई. माग कोठे बनला हे कोणी विचारीत नसे. याच उघडेपणामुळे मोडीतले यंत्र आपल्या गावांत पुन्हा उभे राहिले आणि हजारो हातांना काम मिळाले. ते काम कष्टाचे होते, मजुरी थोडी होती; परंतु विद्या गावात राहिली.

मग मागावर कार्ड आले आणि दिसणारी चाल काळ्या तुकड्यात जाऊन बसली. ती तिथे कशी गेली याचा इतिहास पन्नास-पंचावन्न वर्षांचाच आहे.

१९७१ साली अमेरिकेतील इंटेल कंपनीने एका जपानी हिशेबयंत्रासाठी ४००४ नावाची चिप काढली. ती मेंदू होती. स्मृती आणि बाकीचे भाग वेगळे जोडावे लागत. १९७४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मेंदू आणि स्मृती एकाच तुकड्यात बसविलेली टीएमएस १००० ही चिप बाजारात आणली. १९७६ साली इंटेलची ८७४८ आली. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे. आज्ञा चुकल्या तर ती चिप पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाशात ठेवून पुसावी लागे आणि पुन्हा भरावी लागे. १९८० साली ८०५१ आली. चार किलोबाइट आज्ञांना आणि अवघे १२८ बाइट चालू हिशेबाला, एवढाच तिचा संसार. पण इंटेलने इतर कंपन्यांनाही तिचा परवाना दिला, म्हणून ती अनेकांकडून मिळू लागली. आपल्याकडच्या तंत्रनिकेतनांतून मुलांच्या पिढ्या तिच्यावर शिकल्या. १९९३ साली ॲट्मेल कंपनीने याच घराण्यातील एक चिप अशी काढली, की तिच्यातील आज्ञा विजेनेच पुसता येत. खिडकी गेली, अतिनील दिवा गेला, आणि लहान दुकानात बसून काम करणे शक्य झाले.

मात्र एक अडचण उरली, आणि माझ्या विषयाचा गाभा तिथे आहे. चिप स्वस्त होत गेली तरी तिची हत्यारे महाग राहिली. माणूस ज्या भाषेत आज्ञा लिहितो ती भाषा चिपला कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. शिवाय आज्ञा चिपमध्ये भरणारे उपकरण लागते आणि पाटीची तांब्याची वाट आखण्याचे साधनही लागते. या दुभाषाची किंमत लहान कारखान्याच्या आवाक्याबाहेर असे. नमुन्यादाखल फुकट मिणारी प्रत असे, पण तिला मर्यादा असे. काम दोन किलोबाइटांच्या पुढे गेले की ती थांबे. मग काय होई ते आपण जाणता. कोणीतरी चोरून आणलेली प्रत हातोहात फिरे. त्यावर शिकलेल्या मुलांना मी दोष देत नाही. पण चोरीच्या हत्याराने शिकलेला कारागीर आपल्या नावाची पाटी लावून निर्धास्तपणे धंदा करू शकत नाही, हेही खरे आहे.

या कोंडीतून वाट निघाली ती एका छापण्याच्या यंत्रापायी. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेसर प्रिंटर होता. कागद अडकला तर तो कोणाला कळवीत नसे. रिचर्ड स्टॉलमन या तेथील प्रोग्रॅमरला त्याच्या आज्ञांत थोडी भर घालून हा दोष काढायचा होता. त्या आज्ञा ज्याच्याकडे होत्या अशा दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थाकडे तो गेला. त्याने नकार दिला. त्या कोणाला न देण्याचे वचन त्याने लिहून दिले होते. म्हणजे त्याचेही दुखणे आपल्या दुरुस्तीवाल्याचेच होते. यंत्र समोर, दोष माहीत, हातात कसब, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. १९८३ साली स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ साली जीसीसी नावाचा दुभाषा सर्वांना खुला केला. त्याच्या परवान्याचे मर्म चार गोष्टींत आहे: वापरा, आत पाहा, बदला, आणि दुसऱ्याला द्या. बदलून दुसऱ्याला दिलेत तर तो बदलही खुला ठेवा, ही त्यात अट.

खुल्या साधनांची कल्पना धुळेकरांना परकी वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत कुलुपात पडलेली दप्तरे त्यांनी मागून घेतली, आणि १८९८ पासून ती छापून सर्वांपुढे ठेवली. त्या ग्रंथमालेचे नावच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'. त्यांची मते कोणाला पटोत न पटोत, साधने हाती आल्यामुळे त्यांना खोडून काढण्याचीही सोय झाली. १९२६ साली त्यांचा अंत धुळ्यातच झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही येथे आहे. इतिहासाच्या साधनांना जे लागू, ते यंत्राच्या साधनांना का लागू नसावे?

जीसीसी प्रथम मोठ्या संगणकांसाठी होता. १९९७ साली एव्हीआर नावाची चिप बाजारात आली. तिची मूळ कल्पना नॉर्वेतील दोन विद्यार्थ्यांची, आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान यांची. पुढे स्वयंसेवकांनी जीसीसीला तिची भाषा शिकविली. ८०५१ साठी संदीप दत्ता यांनी एसडीसीसी नावाचा खुला दुभाषा लिहिला. आमच्या मुलांची दोन किलोबाइटांची भिंत त्याने पाडली. पाटी आखण्यासाठी फ्रान्समधील झाँ-पिएर शारा यांनी १९९२ साली किकॅड या साधनास आरंभ केला होता. तेही खुले आहे. अशा रीतीने सुतार, लोहार आणि फणीवाला पुन्हा एका आळीत आले.

या कथेतील पुढचे गाव गिरणीवाल्यांनी लक्षपूर्वक ऐकावे असे आहे. उत्तर इटलीत इव्रेआ नावाचे गाव आहे. १९०८ साली तेथे ऑलिव्हेटी कंपनीचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना निघाला आणि सारे गाव त्या कारखान्याभोवती वाढले. कारखान्याचे दिवस गेल्यावर तेथे रचनाशास्त्राची एक शाळा काढली गेली. तेथील हर्नांडो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने २००३ साली 'वायरिंग' नावाची सोपी पाटी आणि भाषा तयार केली. त्या पायावर २००५ साली मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अर्दुईनो' ही पाटी केली. एव्हीआर चिप आणि जीसीसी दुभाषा हाच तिचा आधार. त्याच सुमारास शाळेचा पैसा आटला आणि ती बंद होणार असे दिसू लागले. शाळेबरोबर आपले कामही कुलुपात जाईल, या भीतीने त्यांनी पाटीचा नकाशा आणि आज्ञा जगाला खुल्या करून टाकल्या. शाळा गेली, पाटी राहिली. आपल्याकडे गिरण्या बंद झाल्या तेव्हा जमिनीचा हिशेब झाला, यंत्रांचा भंगाराच्या भावाने हिशेब झाला. पन्नास वर्षांत कामगारांच्या हातात साठलेल्या विद्येचा हिशेब कोणी मांडला नाही. आम्ही युनियनवाल्यांनीही तो मागितला नाही, ही माझी कबुली.

महाराष्ट्रात असे काही झाले नाही असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून आलेला हा माणूस. हातांनी काम करता करता शिकावे, हे त्यांचे सूत्र. २००२ साली त्या गावात 'फॅब लॅब' सुरू झाली. अमेरिकेबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. अशा प्रयोगशाळांतून शिकणारे स्वतः पाटी कोरतात, तिच्यावर लहान एव्हीआर चिप बसवितात आणि खुल्या साधनांनी तिच्यात आज्ञा भरतात. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने खुल्या साधनांचे पाठ ध्वनिचित्ररूपाने तयार केले आहेत आणि मराठीसह भारतीय भाषांत पाठ देण्याचा परिपाठ ठेवला आहे.

आणि आपले अमळनेर? २९ डिसेंबर १९४५ रोजी तेथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली आणि १९८० नंतर संगणकाच्या धंद्यात शिरली. अमळनेरच्या कित्येक घरांत तिचे शेअर आले आणि ती घरे सधन झाली. त्याचा आनंदच आहे. पण शेअरने घरात धन येते. संगणकाची विद्या त्याच वाटेने गावात येत नाही. तिला वेगळी वाट लागते आणि ती वाट साधनांतून जाते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळतो, कारण दुकानदार मंडळी मला हेच विचारतात. आज बाजारात काय आहे? एव्हीआर आहे. जुनी झाली, पण पाच व्होल्टवर चालते, मोटारींच्या गोंगाटात तग धरते, आणि एका अर्दुईनो पाटीच्या साहाय्याने दुसरी चिप भरता येते, म्हणून वेगळे उपकरण लागत नाही. २००७ पासून एसटीएम३२ आहे. बलवान आहे, पण तिच्या नकला पुष्कळ, वरचे नाव एक आणि आतला माल दुसरा असे घडते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या, २०१४ साली आलेल्या ईएसपी८२६६ चिपने आणि पुढच्या ईएसपी३२ ने बिनतारी संदेश स्वस्त केला. मात्र तिची बाकीची साधने खुली असली तरी बिनतारीचा गाभा कंपनी बंदच ठेवते, हे ध्यानी असावे. जानेवारी २०२१ मध्ये 'रास्पबेरी पाय पिको' ही पाटी चार डॉलरला आली. तारेने संगणकाला जोडून फाइल टाकली की आज्ञा भरल्या. २०२२ साली चीनमधील एका कंपनीने सीएच३२व्ही००३ ही चिप काढली, ती घाऊक भावात दहा सेंटच्या आसपास. तिचा मेंदू 'रिस्क-पाच' या खुल्या नियमावलीवर बांधलेला आहे. ती नियमावली २०१० साली बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झाली. कोणीही परवानाशुल्काशिवाय तिच्यावर चिप रचू शकतो. आपल्या देशातही आयआयटी मद्रासने 'शक्ती' आणि सी-डॅकने 'वेगा' हे मेंदू त्याच नियमावलीवर रचले आहेत.

यांतली कोणती घ्यावी? चार प्रश्न विचारा, आणि किंमत शेवटी विचारा. पहिला, हिचा दुभाषा खुला आहे काय? दुसरा, आज्ञा भरण्याचे उपकरण आपल्या गावात बनते किंवा मिळते काय? तिसरा, हिची माहितीपुस्तिका पूर्ण आणि सर्वांना उपलब्ध आहे काय? चौथा, उद्या ही चिप मिळेनाशी झाली तर लिहिलेले काम दुसरीवर नेता येईल काय? हा चौथा प्रश्न पुस्तकी नाही. २०२० ते २०२२ या काळात जगभर चिपांचा दुष्काळ पडला, नेहमीच्या चिपांचे भाव अनेक पट चढले आणि मोठमोठे मोटार कारखाने थांबले. ज्याचे काम एकाच कंपनीच्या बंद हत्याराला बांधलेले, त्याला तिच्या दारात बसण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याचे काम साध्या सी भाषेत आणि खुल्या दुभाषाने लिहिलेले, त्याला थोड्या मेहनतीत दुसरे दार उघडते. पाचवी गोष्ट शहाणपणाची: पंप चालू-बंद करायचा असेल तर बिनतारीची चिप घेऊ नका. विहिरीला लागेल तेवढाच दोर घ्यावा.

यावर दोन आक्षेप येतात. कार्ड बनविणारा लहान उद्योजक म्हणतो, मी कुलूप घातले नाही तर शेजारी माझी नक्कल करील आणि माझी भाकरी जाईल. त्याची भीती खोटी नाही. मी त्याला म्हणतो, तुझी खास युक्ती तू झाक. पण क्रमांक घासू नकोस, पाटीचा नकाशा ग्राहकाला दे, आणि आज्ञांची एक प्रत मोहोरबंद करून त्याच्यापाशी ठेव, तुझा धंदा बंद झाला तर उघडण्यासाठी. आमच्या भागात दोघातिघांनी हे मान्य केले आहे. त्यांचा धंदा बुडालेला नाही. दुरुस्ती गावात होते म्हणून गिऱ्हाईक त्यांनाच धरून आहे.

दुसरा आक्षेप माझ्याच घरचा आहे. जुने सहकारी म्हणतात, या चिपेने हात कमी केले, आणि तू तिचेच गोडवे गातोस? १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यातील विमा कर्मचारी संगणकाविरुद्ध लढले. त्या लढ्याबद्दल मला आदर आहे. आजही कार्ड आले की चार मागांमागे एक माणूस पुरतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. खुल्या साधनांनी हा प्रश्न सुटत नाही. मजुरीचा आणि कामाच्या तासांचा झगडा त्यासाठी वेगळाच करावा लागेल आणि तो आम्ही करीत राहू. चिपही अखेर दूरदेशीच्या कारखान्यातून येते, हेही मी विसरत नाही. पण यंत्र आलेच आहे, तर त्याची विद्या फाटकाच्या आत राहावी की बाहेर, एवढे ठरविणे तरी आपल्या हाती आहे. ती बाहेर राहिली तर मागावरचा माणूस केवळ बटण दाबणारा उरतो, आणि बटण दाबणाऱ्याला मालक केव्हाही बदलू शकतो. ज्याला यंत्र उघडता येते त्याच्याशी मालकाला बोलावे लागते. चाळीस वर्षांपूर्वी जॉबरची पत याच कारणाने होती.

त्या अकरा दिवसांनंतर आम्ही युनियनच्या खोलीत एक टेबल मांडले. जुना संगणक, दोन अर्दुईनो पाट्या, एक कथिलाची इस्तरी, एवढाच सरंजाम. साधने सारी खुली, म्हणून त्यांचा खर्च शून्य. रविवारी सकाळी चटई कारखान्यांतील मुले-मुली येतात. पहिल्या तुकडीतील एका मुलीने धागा तुटताच माग थांबविणारे कार्ड तयार केले. ते फार सुबक नाही. पण मागे एकदा ते बंद पडले तेव्हा तिने ते पाळी संपण्याच्या आत सुरू केले, आणि त्या दिवशी कोणाचीही मजुरी बुडाली नाही.

या सभेत ज्यांचे कारखाने आहेत त्यांनी पुढचे कार्ड विकत घेताना वरचे चार प्रश्न विचारावे. ज्यांची मुले तंत्रनिकेतनात आहेत त्यांनी ते घरी विचारावे. आणि ज्यांना दोन्ही नाही, त्यांनी रविवारी आमच्या टेबलाशी यावे. खुर्च्या थोड्या आहेत. बाक पुष्कळ आहेत.